पोरगं हुशार की घर भक्कम? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘गुणवत्ता, मेहनत आणि घरची परिस्थिती’ या विषयावर प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली आणि बरीचशी रागाची होती. त्यातली काही निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत, फक्त तालुके दिले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाला दुसऱ्या खेपेला ‘नीट’मध्ये (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत) चांगले गुण मिळाले आणि सरकारी कॉलेजात नंबर लागला. आमच्याकडच्या सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा) मुलगा त्याच्याच वर्गात होता, दहावीत त्याला दोन टक्के जास्तच होते. तो आज कृषी केंद्रात पोती उचलतो. माझ्या मुलानं बारा-बारा तास अभ्यास केला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तरी लोक म्हणतात, ‘तुमचं काय, तुम्ही घरचे बरे.’ मेहनतीला काहीच किंमत नाही का? (दर्यापूर)

मेहनतीला किंमत आहे, आणि तुमच्या मुलानं ती केली यावर आमचा विश्वास आहे. पण तुमच्याच पत्रात एक आकडा आहे, तो आधी बघू. दहावीपर्यंत, म्हणजे शाळा एक आणि फळा एक होता तोवर, सालदाराचा मुलगा दोन टक्क्यांनी पुढे होता. फरक पडला तो त्यानंतरच्या तीन वर्षांत. त्या तीन वर्षांचा हिशेब मांडू.

वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मुलानं केलेलं लिहा : तास, सराव परीक्षा, सोडलेली लग्नं-वाढदिवस. उजवीकडे, तो अभ्यासाला बसण्याआधीच जे हजर होतं ते लिहा : क्लासची फी, होस्टेल, मेस, वेगळी खोली, लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर, फॉर्म भरताना शेजारी बसलेला जाणता माणूस. आणि सगळ्यात मोठी बाब, जी बहुतेक पालक लिहायची विसरतात : दुसरी खेप. पहिल्या वर्षी नंबर हुकला तेव्हा तुमच्या घरात कुणी ‘बस झालं आता’ म्हटलं नाही.

या दुसऱ्या खेपेची किंमत काढता येते. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये रोज होता. धडधाकट पोरानं वर्षात फक्त २०० दिवस काम केलं तरी ६२,४०० रुपये होतात. सालदाराच्या घरी ‘एक वर्ष ड्रॉप घेतो’ याचा अर्थ एवढी मजुरी बुडवणं, आणि क्लासचा खर्च त्याच्या वर. तुमच्या घरी त्याचा अर्थ फक्त क्लासचा खर्च.

नीटची रचनाही ध्यानात घ्या. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. म्हणजे एक बरोबर येणारं उत्तर चुकलं की थेट पाच गुणांचा फटका. अशा परीक्षेत ज्ञानाइतकीच वेळ लावून पेपर सोडवायची सवय उपयोगी पडते, आणि ती सवय सराव परीक्षा देऊन देऊनच लागते. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते हे खरं, पण चांगल्या सराव मालिका बहुतेक इंग्रजीतच असतात. तमिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीनं २०२१ मध्ये जे आकडे मांडले ते बोलके आहेत : तिथल्या वैद्यकीय प्रवेशांत परीक्षा पुन्हा देणाऱ्यांचं प्रमाण २०१६-१७ मध्ये सुमारे साडेबारा टक्के होतं, २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्क्यांवर गेलं. चार वर्षांत त्या राज्यातली पोरं बदलली नाहीत. नीट आली आणि दुसऱ्या खेपेला भाव आला.

आता तुमच्या रागाबद्दल. शाय डेव्हिडाय आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की माणसाला आपल्या वाटेतल्या अडचणी ठळक आठवतात, मिळालेली मदत मात्र नजरेतून सुटते. सायकल चालवताना समोरचा वारा पावलोपावली जाणवतो, पाठीमागचा दोन मिनिटांत विसरला जातो, तसंच हे. तुम्ही खोटं बोलत नाही आहात. तुम्हाला पानाची डावी बाजूच दिसतेय, एवढंच.

प्रश्न : माही पोरगी दहावीत दोनदा नापास झाली. मास्तर म्हणते, तिले डोकंच नाही. मले बी वाटते, आपल्या घरात कोणी शिकलंच नाही त डोकं कुठून येईन? खरंच असं रायते का? (आर्णी, पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं)

ताई, असं राहत नाही. ज्याच्यावर अन्याय होतो तोही ‘आपलीच लायकी नसेल’ असं मानून घेतो, कारण जग न्यायाचं आहे असं मानणं सगळ्यांनाच सोयीचं वाटतं. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकापासून यावर काम केलं.

दोन प्रयोग आपल्या देशातले आहेत. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलं वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींची, ३२१ दलित. जात न उच्चारता कोडी दिली तेव्हा दोन्हींच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, गाव, बाप-आजा आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. डोकं तेच होतं. दुसरा प्रयोग तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. त्याच माणसांना ऊस निघण्याआधी, हात तंगीत असताना, आणि नंतर पैसा आल्यावर तशाच बुद्धीच्या चाचण्या दिल्या. तंगीत त्यांना कमी जमलं. म्हणजे घरात उद्याच्या किराण्याची चिंता असली की डोक्याचा एक भाग तिथंच अडकून पडतो.

आता कामाचं. पुढच्या निकालानंतर मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. तिच्यासाठी मुदत थोडीच असते, म्हणून निकालाच्या आठवड्यातच शाळेत विचारा. छायाप्रत हातात आली की एक बघा : उत्तरं चुकली आहेत की पानंच कोरी आहेत? मग शाळेतून मुलीचा हजेरीपट मागा आणि ऑक्टोबर ते जानेवारी हे महिने तपासा. कापूस वेचणीच्या दिवसांत ती तुमच्यासोबत वावरात किंवा घरी धाकट्या भावंडांपाशी होती का? बीजगणिताचे, विज्ञानाचे कोरे राहिलेले धडे नेमके त्याच महिन्यांत शिकवलेले निघाले, तर मास्तरांना दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून दाखवा. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. एक किंवा दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. सगळे विषय पुन्हा देत बसू नका, राहिलेलेच द्या.

प्रश्न : माझं अकरा एकर. धुऱ्याला लागून एक जण तीन एकर मक्त्यानं (दुसऱ्याची जमीन ठरलेल्या पैशांवर घेऊन) करतो. बियाणं तेच, पाऊस तोच. मला एकरी आठ क्विंटल सोयाबीन, त्याला पाच. फुकटचं मिळायला लागल्यापासून लोक आळशी झालेत, हे तुम्ही मान्य का करत नाही? (कारंजा)

पाऊस तोच, हे अर्धंच खरं. एका धुऱ्याच्या दोन बाजूंना हंगाम कसा वेगळा होतो ते क्रमानं सांगतो.

पेरणी : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हे दोघांनाही माहीत आहे. एकरी तीस किलो बियाणं, आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासायची, सत्तरच्या खाली आली तर बियाणं वाढवायचं किंवा बदलायचं. हे कसब त्याच्याकडेही असू शकतं. पण ट्रॅक्टर तुमचा. वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की सकाळी तुमची पेरणी सुरू. तो भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहतो, आणि ट्रॅक्टरवाला आधी मोठे तुकडे उरकतो. चार दिवस गेले की वरची ओल गेली.

खंड : पावसानं पंधरा दिवस दडी मारली तर तुमच्या विहिरीवरचा तुषार संच पीक तगवतो. त्याच्यापुढे दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा उसनवारी.

निंदण : इथं जरा थांबून बघा. पीक वीस-पंचवीस दिवसांचं असताना त्याच्या वावरात तण माजलेलं दिसतं तेव्हा त्याची बायको कुठं असते? बहुतेक तुमच्याच किंवा तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणाच्या वावरात, रोजानं. रोजचा पैसा लागतो म्हणून आपलं तण मागे ठेवावं लागतं. तुमचं वावर स्वच्छ आणि त्याचं तणात, ही दोन्ही दृश्यं एकाच कारणानं घडली.

कर्ज : तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तुम्हाला ते बिनव्याजी पडतं. मक्त्यानं करणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे पीककर्जही नाही. सावकाराचा दर महिन्याला शेकडा तीन धरला तर ५०,००० रुपयांवर आठ महिन्यांचं व्याज १२,००० होतं. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे सव्वादोन क्विंटल नुसतं व्याजात. मक्ता वेगळा.

विक्री : हमीभावाच्या केंद्रावर नोंदणीला पीकपेरा असलेला सातबारा लागतो. तोही मूळ मालकाचा. शिवाय ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. तुमच्याकडे वाळवायला ओटा आहे, ताडपत्र्या आहेत, ठेवायला जागा आहे. त्याला मळणीच्या संध्याकाळीच गावातल्या व्यापाऱ्याला माल द्यावा लागतो, कारण सावकार दारात उभा असतो.

आणि ‘फुकटचं’ : पीएम किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० वर्षाला कुणाच्या खात्यात येतात? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या. अतिवृष्टीची भरपाईही सहसा त्यालाच. तुमच्या उदाहरणातल्या माणसाला यातलं जवळपास काहीच मिळत नाही. म्हणून ‘फुकट मिळून आळशी झाला’ हा आरोप त्याच्यावर तरी बसत नाही.

तुम्ही शेती चांगली करता, यात शंका नाही. आठ क्विंटलमध्ये तुमच्या हुशारीचा वाटा किती, हे कळायला एक सोपा उपाय : पुढच्या खरिपात त्याला तोंडी मक्त्याऐवजी लेखी, नोंदणीकृत करार मिळावा म्हणून मालकाशी बोला, आणि वाफसा असताना एक दिवस ट्रॅक्टर आधी त्याच्या वावरात पाठवा, रीतसर भाडं घेऊन. मग एकरी फरक किती उरतो ते मोजा.

प्रश्न : मी नववी-दहावीला शिकवतो. हा विषय वर्गात काढला की पोरं जातीवरून भांडतात. भाषण न देता समजावता येईल का? (समुद्रपूर)

येईल, ‘व्यापार’च्या खेळातून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या पॉल पिफ यांनी अशाच खेळात नाणेफेक करून एका खेळाडूला दुप्पट पैसे, दोन फासे आणि फेरी पूर्ण केल्यावर दुप्पट पगार दिला. दुसऱ्याला सगळं निम्मं. जिंकलेल्यांना कारण विचारलं तर ते आपण कोणती जागा कधी घेतली हे सांगत बसले, नाणेफेक विसरले. २०१९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पत्त्यांच्या खेळात हेच तपासलं : नियम उघड-उघड एका बाजूला झुकलेले असतानाही जिंकणाऱ्यांना खेळ न्याय्य वाटण्याची शक्यता जास्त होती.

वर्गात असं करा. चार-चार मुलांचे गट. बाजारातला खेळ नसेल तर फरशीवर खडूनं वीस घरं आखा, प्रत्येक घराला किंमत लिहा, कागदाच्या चिठ्ठ्यांचे पैसे करा. प्रत्येक गटात दोन जोड्या आणि जोडीजोडीत नाणेफेक. छापा पडला त्याला ३,००० रुपये, दोन फासे, फेरीला २०० रुपये. काटा पडला त्याला १,५००, एक फासा, १००. पंचवीस मिनिटं खेळू द्या. मग बोलायच्या आधी, हे महत्त्वाचं, प्रत्येकानं कागदावर ‘मी का जिंकलो’ किंवा ‘मी का हरलो’ याची तीन कारणं लिहायची. कागद गोळा करून नाणेफेकीचा उल्लेख किती जिंकणाऱ्यांनी आणि किती हरणाऱ्यांनी केला, ते दोन आकडे फक्त फळ्यावर लिहा. दोन तासिका सलग लागतात.

खेळ फसतो तो चार कारणांनी. गुरुजी स्वतःच ‘श्रीमंत’ निवडतात आणि हुशार पोरांना ते पान मिळतं, मग सगळा मुद्दाच गेला. गुरुजी आधीच उद्देश सांगून टाकतात आणि पोरं शहाणी उत्तरं लिहितात. गट मोहल्ल्याप्रमाणे, म्हणजे जातीप्रमाणे पडतात. म्हणून हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या टाका. आणि कुणी खऱ्या वस्तूंवर हा खेळ करतं, जसं की खिचडीचं ताट किंवा बसायची जागा. ते अजिबात करू नका, आधीच उपाशी येणाऱ्या पोराचा तो अपमान आहे.

दुसऱ्या दिवशी दोघांना सारखे पैसे आणि एक-एक फासा देऊन तोच खेळ घ्या. नाहीतर काही पोरं ‘मेहनत करून फायदाच नाही’ हा धडा घेऊन घरी जातात, आणि तोही चुकीचा आहे. सारख्या डावात कोण डोकं लावतं ते तिथं दिसतं.

प्रश्न : आमच्या गावचा एक मुलगा झोपडीतून तलाठी झाला. तो करू शकतो तर बाकीचे का नाही? (मेहकर)

त्याचं अभिनंदन. पण २०२३ च्या तलाठी भरतीत जागा ४,६४४ होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. एका जागेमागे दोनशेहून अधिक. फॉर्मची फी खुल्या गटाला १,०००, राखीव गटाला ९०० रुपये. म्हणजे जवळपास तीन दिवसांची मजुरी, आणि केंद्र दूर आलं तर एसटी आणि मुक्काम वेगळा. एखादा वर्षात दहा जाहिराती भरतो, एखाद्याला दोनच परवडतात. चौकातल्या फ्लेक्सवर एकाचा फोटो असतो. त्याच्यासोबत तेवढाच अभ्यास करून चार गुणांनी राहिलेल्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही, म्हणून ते मोजण्यात येत नाहीत.

प्रश्न : आरक्षणानं गुणवत्ता घसरते, हे तरी मान्य कराल? (मूल)

मोजून बघितलं तर तसं दिसत नाही. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण वाढल्यानं उत्पादकता कमी झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २० जानेवारी २०२२ ला, नीट पदव्युत्तर प्रवेशाच्या प्रकरणात, खुल्या स्पर्धा परीक्षेतली कामगिरी म्हणजेच गुणवत्ता नव्हे असं स्पष्ट म्हटलं. आणि हा प्रश्न विचारणारी मंडळी मॅनेजमेंट कोट्यातल्या डॉक्टरची नीट रँक क्वचितच विचारतात.

प्रश्न : इंजिनिअरिंग झालं. पुण्यात दोन मुलाखतींत ‘वडील काय करतात, घरी कोण-कोण शिकलंय’ हेच विचारलं. त्याचा नोकरीशी काय संबंध? (घाटंजी)

संबंध नाही, पण हे सर्रास चालतं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांत भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये लिहिलं : ‘आम्ही फक्त मेरिट बघतो’ असं सांगणारेच उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ महत्त्वाची मानत होते. मूळचे अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव बदललेले ४,८०० वर अर्ज जाहिरातींना पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली.

उत्तर एका वाक्यात द्या आणि लगेच कामावर या : ‘वडील शेतमजूर आहेत. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी अमुक भाग स्वतः केला, तो दाखवू का?’ लाजू नका आणि करुण कहाणीही सांगू नका. दोन्हींत समोरचा तुमचं काम विसरतो. प्रोजेक्टचे फोटो, आकृत्या कागदावर सोबत ठेवा, मोबाइल शोधत बसू नका.

प्रश्न : माझ्या वर्गमित्राला जात वैधता प्रमाणपत्र पटकन मिळालं. माझं अडकलंय. घरचे म्हणतात, तूच चकरा मारायचा कंटाळा केला. (दिग्रस)

मित्राच्या वडिलांकडे आधीच वैधता असणार. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता हा भक्कम पुरावा धरतात, म्हणून घरातल्या पहिल्या माणसाला डोंगर चढावा लागतो आणि नंतरच्यांना पायऱ्या मिळतात. पुरावा जुना लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. ज्याचा आजा शाळेत गेला त्याच्याकडे दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा असतो. ज्याचा आजा ढोरं राखत होता त्याच्याकडे नसतो. इथं तुमच्या कंटाळ्याचा प्रश्न येतोच कुठं?

शाळेत नोंद नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात आजा-पणजाच्या जन्म-मृत्यूची कोतवाल बुकाची नक्कल मागा. आपल्या विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेखही तपासून घ्या. अर्जात गाव, त्या काळचा तालुका आणि अंदाजे साल लिहा, नाहीतर ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा मारून कागद परत येतो. नावातला फरक, म्हणजे कुठं ‘सखा’ आणि कुठं ‘सखाराम’, दिसला तर वंशावळीच्या शपथपत्रात दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं नमूद करा. धाकटी भावंडं विज्ञान शाखेत असतील तर बारावीच्या निकालाची वाट न बघता कॉलेजच्या पत्रासह त्यांचेही अर्ज आत्ताच टाका. तुम्ही काढलेल्या नकला त्यांनाही चालतील.